माझे आजोबा ड्रायव्हर होते

(मंडळाच्या १ मेच्या कार्यक्रमात केलेले भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह)



मी काही वक्ता नाही. सरकारी बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. आमच्याकडे बोलण्यापेक्षा माप घ्यायची आणि नोंद करायची सवय असते. पण मंडळाने आपल्या सभासद-कुटुंबांची माहिती एकत्र करायला घेतली आहे. त्या निमित्ताने घरातल्या एका वडीलधाऱ्यांबद्दल दहा-पंधरा मिनिटे बोला, असा सचिवांचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे.

माहितीच्या कागदावर एक रकाना आहे : 'पूर्वजांचा व्यवसाय'. आतापर्यंत भरून आलेले कागद मी पाहिले. होळकर दरबारात कारकून, शिक्षक, वकील, वैद्य, तारमास्तर. सगळे अभिमानाने लिहिलेले, आणि लिहायलाच हवे. मी माझ्या कागदावर लिहिले, 'आजोबा : ट्रक ड्रायव्हर'. हे दोन शब्द सरळ लिहायला मला बरीच वर्षे लागली. का लागली, ते सांगतो.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. याच मंडळाचा गणपती होता. बाहेरून आलेले एक पाहुणे आम्हा मुलांची चौकशी करत होते. कोण, कुठले, वडील काय करतात, आजोबा काय करायचे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आजोबांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता." पाहुणे "वा वा" म्हणाले आणि पुढे सरकले. मी मागे वळलो, तर अण्णा तिथेच होते. मंडपाच्या बल्लीला दोर आवळत होते. आजोबांना घरात सगळेच अण्णा म्हणत.

अण्णा तिथे काही बोलले नाहीत. रात्री जेवताना, भाकरी मोडता मोडता, एवढेच म्हणाले, "बाळ, धंदा मालकाचा होता. माझी नोकरी होती. ड्रायव्हर म्हणायला काय झालं?"

मला उत्तर देता आले नाही. आज हे भाषण म्हणजे तेच उत्तर आहे, असे समजा.

अण्णांचा जन्म १९२८ चा. वडील लवकर गेले, शाळा सातवीत सुटली आणि चौदा-पंधराव्या वर्षी ते एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागले. क्लीनर म्हणजे उस्तादांच्या आधी उठणारा आणि नंतर झोपणारा पोरगा. गाडी धुवायची, ताडपत्री बांधायची, चढावर गाडी थांबली की चाकामागे लाकडी ठोकळा घालायचा. पाच-सहा वर्षे हे केल्यावर त्यांना लायसन्स मिळाले आणि ते स्वतः उस्ताद झाले. त्यानंतर साठी जवळ येईपर्यंत त्यांनी गाडी चालवली, आणि बहुतेक सगळी आग्रा-मुंबई रस्त्यावर.

आपण सगळे इंदूरचे. ए. बी. रोड आपल्याला नवा नाही. पण अण्णांसाठी तो सबंध रस्ता पाठ केलेल्या पाढ्यासारखा होता. महू, मानपूर, घाट उतरला की धामनोद, मग खलघाटला नर्मदामाई, पुढे जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट. घाटात बिजासन मातेला नारळ. तिथून पुढे पळासनेर, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट आणि मुंबई. जाताना मिलच्या कापडाच्या गाठी, येताना मुंबईचा माल. सहाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता, पण एकेरी, अरुंद, आणि त्यावर नाकेच नाके. रात्री नऊला इंदूर सोडले की धुळे यायला सकाळचे आठ वाजत.

गाडी होती टाटा-मर्सिडीज बेंझ. टेल्कोने १९५४ पासून जमशेदपूरला जर्मन कंपनीच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तो तीन टोकांचा तारा असे. आम्ही मुलांनी चिडवले की अण्णा म्हणायचे, "इंदूरच्या शेठ लोकांच्या आधी मर्सिडीज मी चालवली आहे, विचारा कोणालाही." पॉवर स्टिअरिंग नाही. इंजिनाची धग सरळ पायावर. घाटात वळण घेताना अंगातला सगळा जोर हातात आणावा लागे. त्यांचा उजवा खांदा शेवटपर्यंत दुखत असे, आणि आजी ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकत असे.

निघण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत. टॉमीने प्रत्येक टायरवर ठोका मारून आवाज ऐकत, पाटे बघत, ताडपत्रीचा दोर ओढून बघत. घाई असो, मालक ओरडत असो, ही फेरी चुकली नाही. घाटाचा त्यांचा नियम साधा होता : ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा, ब्रेक शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवा. पुढे रस्ता चौपदरी झाला आणि धामनोदच्या अलीकडच्या गणपती घाटात उतारावर ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले, ते आपण वर्षानुवर्षे पेपरात वाचले आहे. आता तिथे वेगळा रस्ता झाला. कागदावर उताराचे माप टाकताना मला अजून अण्णांचा तो नियम आठवतो. रस्ता कागदावर सोपा दिसतो. भरलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला तो कसा दिसेल, हे विचारायला मला कॉलेजने नाही, त्यांनी शिकवले.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना आठवेल. तेव्हा इथल्या बहुतेक घरांसाठी महाराष्ट्र म्हणजे लग्नकार्याला किंवा पंढरपूरला जाण्यापुरता. अण्णा मात्र दर आठवड्याला पळासनेर ओलांडत. पाट्या मराठीत दिसायला लागल्या की झोप उडते, असे ते म्हणत. तिकडचे ड्रायव्हर त्यांच्या 'आपण चाललो' आणि 'मी बोललो त्याला' या इंदुरी मराठीला हसत, आणि इकडचे ड्रायव्हर त्यांना 'मराठा उस्ताद' म्हणत. दिवाळीच्या सुमारास मुंबईहून ते मंडळाच्या वाचनालयासाठी दिवाळी अंकांचा गठ्ठा आणत. सीटमागे, कोरड्या पोत्यात बांधून. आपल्या कपाटातल्या जुन्या अंकांपैकी कित्येक त्या सीटमागूनच आलेले आहेत.

आता युनियनबद्दल. हा शब्द काढला की काही लोक दचकतात. युनियन कोणत्या झेंड्याची होती, हा विषय मी इथे काढत नाही. इंदूर हे गिरण्यांचे आणि कामगारांचे शहर. इथून १९६२ साली होमी दाजी अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले, ते कामगारांच्या जोरावरच. गिरणीत हजारो माणसे एका भोंग्यावर आत जातात आणि बाहेर येतात, त्यांना एकत्र आणता येते. ड्रायव्हरचे तसे नाही. एक धुळ्याला, एक कसाऱ्याला, एक नाक्यावर अडकलेला. त्यांची सभा भरवायची तर कधी? अण्णा आणि त्यांचे सोबती लोहामंडीतल्या एका चहाच्या दुकानात, जो परतेल त्याला गाठून, एकेकाला सभासद करत. ट्रेड युनियनच्या १९२६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीच्या अर्जाला सात माणसांच्या सह्या पुरत. "सात जण एका वेळी इंदुरात सापडायलाच आम्हाला तीन महिने लागले," असे अण्णा हसत सांगायचे. ते पुढे खजिनदार झाले. पावतीपुस्तक, शाईचा पॅड आणि एक पत्र्याची पेटी, एवढे त्यांचे ऑफिस.

१९६१ साली मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर मंजुरी असेल तर १० आणि ५४. पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. आठवड्यातून एक दिवस सुटी. जादा कामाला दुप्पट दर. अण्णांना हे आकडे तोंडपाठ होते. पण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकालाच लागू होई. मग काय, एका मालकाच्या सहा गाड्या कागदावर बायको, भाऊ, मेव्हणा यांच्या नावावर वाटल्या जात आणि प्रत्येकाकडे चारच माणसे दिसत. हजेरीपुस्तक नसेच. ड्रायव्हर कोणाचा, हे सिद्ध करायला ड्रायव्हरकडे काही नसे.

म्हणून अण्णांनी वही ठेवायला सुरुवात केली. ही ती वही. खाकी कागदाचे वेष्टन, आत शाईपेन्सिलीने लिहिलेले. तारीख, गाडीचा नंबर, बिल्टीचा नंबर, इंदूर कधी सोडले, खलघाट कधी, सेंधवा कधी, कुठे किती वेळ झोपलो. सोबत दुसऱ्या गाडीवर कोण भेटला, तेही. वीस-बावीस वर्षांच्या अशा नऊ वह्या आहेत. त्यांत सुखदुःख काही नाही. एका पानावर मात्र लिहिले आहे : 'जुलवानियाच्या पुढे डोळा लागला. देवाने वाचवले. गाडी बाजूला लावून दोन तास झोपलो.' हे त्यांनी घरी कधी सांगितले नव्हते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्यांच्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीवर एक निमाडी ड्रायव्हर होता, तिशीतला. मुंबईहून येऊन गाडी रिकामी केली, आणि त्याच रात्री त्याला परत माल भरून पाठवले. पहाटे गाडी पुलाच्या कठड्यावरून खाली गेली. डोळा लागला होता, याबद्दल कोणाला शंका नव्हती. घरी बायको आणि दोन वर्षांचा मुलगा.

कामावर असताना कामगार मेला तर भरपाई देण्याचा कायदा १९२३ पासून होता. पण मालकाने सांगितले, हा माझा नोकर नाही, गाडी माझ्या नावावर नाही, तो त्या दिवशी बदली म्हणून बसला होता. युनियनने दावा लावला. कागद काहीच नव्हता. होती ती अण्णांची वही. त्यात त्या माणसाच्या दीड वर्षातल्या फेऱ्यांच्या नोंदी होत्या, कारण दोघे बहुतेक पुढेमागेच चालत. कोणत्या दिवशी कोणत्या बिल्टीवर तो कुठे भेटला, हे सगळे. युनियनच्या वकिलाने अण्णांना विचारले, साक्ष द्याल का? नोकरी त्याच मालकाकडे होती. घरी आजी, चार मुले, म्हातारी आई.

अण्णांनी साक्ष दिली.

त्या दिवसाच्या पानावर एवढेच आहे : 'साक्ष दिली. गाडी नाही.' पुढच्या पानावर तारीख आणि 'गाडी नाही'. त्याच्या पुढेही तेच. रोजची तारीख घालून, आठ महिने. दुसऱ्या मालकांनीही उभे केले नाही, कारण बातमी लोहामंडीत तासाभरात पसरते.

ते आठ महिने आजीने घर चालवले. परगावाहून इंदूरला शिकायला आलेल्या मुलांचे डबे करून. पहाटे चारला उठून पोळ्या. माझे वडील आणि काका सायकलवर डबे पोचवत आणि मग शाळेत जात. आजीला मी नंतर विचारले, तुला राग नाही आला? ती म्हणाली, "आला ना. आठ महिने बोलले नाही नीट. लोकांच्या बायकोसाठी आपल्या बायकोला चुलीपुढे बसवणारा नवरा, म्हणून दिवसभर मनात बोलायची. पण ती बाई एकदा घरी आली, पोराला कडेवर घेऊन. तिला बघितलं, आणि पोळ्या लाटायला बसले." आपल्याकडे त्यागाच्या गोष्टी गोड करून सांगायची पद्धत आहे. ही गोड नव्हती, म्हणून जशी आहे तशी सांगतो. साक्ष अण्णांनी दिली, पण तिची किंमत आजीने भरली. युनियनच्या कोणत्याही पावतीवर आजीचे नाव नाही.

दावा मंजूर झाला, पैसे त्या बाईला मिळाले. अण्णांना पुढे एका सरदारजी मालकाने गाडी दिली, आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. ती बाई दरवर्षी दिवाळीच्या आधी निमाडहून यायची. पिशवीत लाल मिरच्या आणि ज्वारी. आम्हाला लहानपणी वाटायचे, कोणीतरी नात्यातली आत्या आहे. अण्णा २००२ साली गेले. तेराव्याच्या दिवशी एक गृहस्थ आले, गावच्या शाळेत शिक्षक. फोटोला हार घातला आणि मला म्हणाले, "माझं शिक्षण यांच्या वहीनं झालं." ती गोष्ट मला पूर्ण कळली ती त्या दिवशी. 'ट्रान्सपोर्टचा धंदा' म्हणणारा मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

आता जरा चांगली आठवण. अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात मिलच्या झांक्या निघतात. रात्रभर शहर रस्त्यावर असते. एका मिलच्या झांकीची गाडी कित्येक वर्षे अण्णा चालवत. फुकट. त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशावर युनियनचा बिल्ला. आठ-नऊ वर्षांचा असताना मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून गेलो आहे. मागे हलणारे देव, राक्षस, दिव्यांची रोषणाई, पुढे आखाडे आणि माणसांचा पूर. जेल रोड, जवाहर मार्ग करत राजवाड्यापर्यंत माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, क्लच जळू न देता. काचेतून पुढे फक्त डोकी दिसत होती. मी म्हणालो, "अण्णा, सगळे झांकीकडे बघतात, तुमच्याकडे कोणीच नाही." ते म्हणाले, "ड्रायव्हरकडे लोक कधी बघतात माहीत आहे? गाडी ठोकली की. कोणी बघत नाही म्हणजे काम नीट चाललंय."

१९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. एकेक करून इतरही गेल्या. पण कामगारांनी वर्गणी काढून झांक्या चालू ठेवल्या. हुकुमचंदच्या कामगारांच्या हक्काच्या रकमेचा निकाल लागायला ३२ वर्षे लागली. २०२३ च्या डिसेंबरात ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये मोकळे झाले. बरेच जण तोवर हयात नव्हते. तरीही घरच्यांना पैसे मिळाले, कारण कोणीतरी याद्या जपल्या, तारखा सोडल्या नाहीत. ती बातमी वाचली तेव्हा मला वहीची आठवण झाली.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात, २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत, ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. अपघात करून पळून जाण्याबद्दलच्या नव्या, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या कलमावरून. आपल्या शहरात पेट्रोलसाठी केवढ्या रांगा लागल्या, आपण पाहिले. कलमाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अपघातात माणूस गमावलेल्या घरांचे दुःख खोटे नाही. मला आठवते ती शाजापूरची बैठक. तिथे एका वरिष्ठ अधिकाऱ्याने एका ड्रायव्हरला त्याची औकात विचारली, आणि त्या ड्रायव्हरने उत्तर दिले की आमची काही औकात नाही, हीच तर लढाई आहे. त्या अधिकाऱ्याची लगेच बदली झाली. पण मी मनात म्हणालो, अण्णा, पंचवीस वर्षांपूर्वी जेवताना तुम्ही मला जे विचारले होते, ते हेच.

आता नव्या बांधल्या जाणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. अण्णा असते तर म्हणाले असते, गारवा चांगला, पण झोप किती तास देणार ते सांगा.

आज १ मे. महाराष्ट्राचा दिवस आणि कामगारांचाही. अण्णा सकाळी युनियनच्या झेंड्याला जात आणि संध्याकाळी त्याच शर्टात या मंडळाच्या कार्यक्रमाला येऊन मागच्या रांगेत बसत. त्यांना या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत. पुढच्या रांगेत त्यांना कोणी बोलावले नाही, आणि त्यांनीही ते कधी काढले नाही.

म्हणून मंडळाला माझी एकच विनंती आहे. माहितीचे कागद अजून भरायचे आहेत. 'पूर्वजांचा व्यवसाय' या रकान्यात जे होते तेच लिहू या. गिरणीत साचावर उभा असेल तर साचावर, भटारखान्यात असेल तर आचारी, डबे केले असतील तर डबे. आजीचाही व्यवसाय लिहू या. आणि घरात कोणाच्या जुन्या वह्या, पावत्या, बिल्ले पडले असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा वाचनालयात आणून दाखवा. त्यात काय असेल, सांगता येत नाही.

अण्णांच्या नऊ वह्या मी आज मंडळाच्या वाचनालयाला देत आहे. दिवाळी अंकांच्या कपाटातच ठेवाव्यात. दोन्ही एकाच गाडीने आले आहेत.

माझे आजोबा ट्रक ड्रायव्हर होते. आजी डबे करायची.